परत करायचे अकरा डबे

बाबा २०१६च्या श्रावणात गेले. त्या वर्षी आमच्या डहाणूजवळच्या मसोलीच्या घरात दिवाळी नव्हती. घरातलं माणूस गेलं की वर्षभर तळण करायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज. पण त्या घराला फराळावाचून राहू द्यायचं नाही, हाही रिवाजच. म्हणून घरात आई एकटी आणि लोकांनी आणून दिलेले फराळाचे डबे अकरा.

मी नाशिकला होतो. रजा मिळाली ती दिवाळी उलटल्यावर. "तूच इकडे ये" म्हटलं, तर आईचं उत्तर ठरलेलं, "पहिल्या सणाला घराला कुलूप लावत नाहीत." मी मनात बेत करून टाकला. रजेत जायचं, घर बंद करायचं, तिला कायमची घेऊन यायचं. तिला विचारायचं राहिलं होतं, पण त्यात काय विचारायचं, अशी माझी समजूत.

कारणही तसंच होतं. बँक, बाजार, लाइटबिल, सगळं बाबा बघायचे. डहाणू रोडच्या बाजारातसुद्धा आई त्यांच्या मागे दोन पावलं असायची. ही एकटी काय करणार?

भाऊबीजेच्या संध्याकाळी फोनवर ती म्हणाली, "लोक डबा दारातच देतात आणि जातात रे. काय बोलावं कळत नसेल त्यांना. आता ते डबे परत करायचेत. रिकामे कसे देऊ? आणि तळता तर येत नाही."

"चिकू दे की."

"मसोलीत चिकू देऊ? समुद्रावर वाळू नेऊन टाकण्यातली गत."

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःला कामाला लावलं होतं. रोज एक डबा. चालत जायचं. दारातून परतायचं नाही, आत बसून चहा घ्यायचा. आणि त्यांच्या घरी रडायचं नाही, रडायचं असेल तर घरून रडून निघायचं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ती पेन्सिलीनं खूण करायची आणि संध्याकाळी मला सांगायची. गुजराती बेनना लिंबाचं लोणचं, कारण त्यांनी मागे एकदा बोटं चाटली होती. बाळंतिणीला अळिवाचे लाडू. साखर वाढलेल्या काकांना शेवग्याचा कोवळा पाला. चौथ्या घरी म्हणे तिनं बाबांची नक्कल केली आणि सगळे हसले. बाबांची नक्कल! चाळीस वर्षांत ती आम्ही कधी पाहिली नव्हती. आईचं मला तेव्हा जे नवल वाटलं, ते अजून कमी झालेलं नाही.

मी पोचलो तेव्हा दहा खुणा झाल्या होत्या. अकरावा डबा तलासरीच्या पलीकडचा होता. बाबांच्या कचेरीतले एक जुने शिपाई डोंगराकडच्या एका पाड्यावर राहायचे. दोन गाड्या बदलून ते स्वतः डबा घेऊन आले होते.

"मी गाडीनं सोडतो," मी म्हणालो.

"नको. एसटीनं जाते."

"आई, पाडा तुला सापडणार नाही."

"तोंड आहे ना मला विचारायला."

डब्यात तिनं वालाचं बियाणं भरलं. बाबांनी निवडून, राख लावून ठेवलेलं. "भात कापून झालंय, आता वाल टाकायची वेळ," एवढं बोलून ती सकाळी साडेआठला निघाली.

मी तीनदा फोन केला. रेंज नव्हती. हातांना काम हवं म्हणून तिची बॅग भरली. साड्या, औषधं, पोथी. दुपार सरेना. त्या घरात एकटं असणं काय असतं, ते मला त्या दिवशी कळलं, आणि ती हे तीन महिने करत होती.

पाचला ती आली. येताना तलासरीला चुकून उधव्याच्या गाडीत बसली होती, कंडक्टरनं उतरवून बरोबर गाडी दाखवली, हे तिनं चप्पल काढता काढताच सांगितलं, स्वतःवर हसत. शिपायांच्या बायकोनं जेवल्याशिवाय सोडलं नाही. वाल त्यांनी तिच्या हातानंच टाकून घेतला होता, नखांत माती होती. कॅलेंडरवर खूण करून ती वळली आणि तिला बॅग दिसली.

ती चिडली नाही. पाणी प्यायली आणि खुर्चीत बसली.

"तू नेशील तर येते मी. पण तुझ्या बिल्डिंगमध्ये मी चहाला कुणाकडे जायचं, तेवढं सांग."

मी आठवू लागलो. सहा वर्षं मी तिथे राहत होतो. समोरच्या दारावर नाव काय आहे, तेही मला सांगता येईना.

ती वाट बघत होती, खरंच उत्तर हवं असल्यासारखी. मी बॅगेची चेन उघडली आणि तिच्या साड्या एकेक करून कपाटात ठेवायला लागलो.