गटाची मेंढी

"मेंढी विकायची न्हाई म्हंजी न्हाई. माझ्यासाठी तर मुळीच न्हाई."

"मग काय विकू, आज्जे? माझा मोबाईल?"

"काईच विकू नको. मला पुण्याला जायचंच न्हाई."

अंकितानं रिपोर्टांची फाईल आजीच्या मांडीवर टाकली. "डॉक्टर काय म्हणले? गालातला चट्टा आत्ता लहान हाय. दोन म्हैन्यानं तोंड उघडायचं न्हाई तुझं."

"तुलाच बरं. माझी कटकट बंद."

"चेष्टा नको करू. ऑपरेशन सरकारी कार्डात बसतंय. पण त्याच्या आधीच्या तपासण्या, तिथलं ऱ्हाणं, खाणं? त्याला मेंढी लागंल. आन् सरकार कुठं विचारतंय, मिश्री लावत व्हता का म्हणून?"

"सरकारनं मला बघितलंय का?" बयाबाई म्हणाली. "बायांनी बघितलंय."

बयाबाईला बायांनी चाळीस वर्षं बघितलं होतं. दौंडच्या अलीकडं, पाटाच्या कडेच्या त्या वस्तीवर तिच्या शब्दाबाहेर लग्नाची तारीखसुद्धा ठरत नसे. मेंढरांमागं चालणाऱ्या बिऱ्हाडात ती जन्मली. घोड्यावर लादलेल्या सामानात, कोंबड्यांच्या शेजारी तिचं लहानपण हिंदकळत गेलं. नऊ-दहा वर्षांची असताना दाढ ठणकली. दवाखाना चार मुक्कामांवर. आईनं तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजली, चुरली आणि चिमूटभर तिच्या हिरडीला चोळली. दाढ गप्प झाली. पुढं भूकही तशीच गप्प करता येते, हे तिचं तिलाच कळलं. लग्नानंतर नवऱ्यानं, म्हस्कूनं, कळप विकून पाटाच्या पाण्यावर जमीन घेतली, झेंडू लावला. मेंढरं सुटली, मिश्री राहिली.

बचत गट काढायचा म्हणून बँकेच्या बाई वस्तीवर आल्या, पासबुक दाखवू लागल्या, तेव्हा बयाबाई त्यांना म्हणाली, "बाई, कागदाला कोकरू व्हत न्हाई." मग बारा घरांत एकेक मेंढी गटाची ठरली. तिच्या कानाला निळा धागा. चारायची घरच्यांनी, लेंडीखत घरच्यांचं, कोकरं मात्र गटाची. कुणी आजारी पडलं की बाया बसायच्या आणि यावेळी कुणाच्या दावणीची मेंढी बाजारात जाणार ते ठरवायच्या. या मेंढ्यांवर दोन अवघड बाळंतपणं निभावली, एकीचा मुतखडा निघाला, हौसरावाच्या मोडक्या पायात सळई बसली.

आणि मग शेवंताबाई मेंढी मागायला आली. तिच्या नवऱ्याचं, खंडूचं, दारूनं लिव्हर गेलं होतं. अंग पिवळं, पोट फुगलेलं. बाया एकमेकींकडं बघत बसल्या. शेवटी बयाबाई बोलली, "देवानं दिल्यालं दुखणं आसंल तर मेंढी. आपल्या हातानं आणल्यालं ज्याचं त्यानं निस्तरावं. न्हायतर ह्यो पितोय आन् आपुण चारतोय, असं व्हईल." वहीत ओळ लिहिली गेली: दारू-तंबाखूच्या दुखण्याला गटाची मेंढी नाही. बारा अंगठे उठले. त्यात शेवंताबाईचाही एक. खंडू दिवाळीपर्यंत टिकला नाही.

नियम वाईट होता असं कुणी म्हटलं नाही. त्या धाकानं वस्तीवरच्या दोघांनी पिणं सोडलं, हेही खरंच.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी विचारलं, "तंबाखू खाता का, आजी?"

"न्हाई बा," बयाबाई म्हणाली. खोटं बोलण्याचा तिचा इरादा नव्हता. तंबाखू म्हणजे गडीमाणसं चुना मळून गालात धरतात आणि भिंती रंगवतात ती. मिश्री दातांची. डॉक्टरांनी तिचं काळं पडलेलं बोट उजेडात धरलं. "हे काय मग?"

"ही मिश्री."

"आणि मिश्री कशाची करता?"

तिथून घरापर्यंत ती ते बोट पदराला पुसत आली होती.

"आक्का, हायसा का?"

दारात शेवंताबाई उभी होती. हातात कासरा, कासऱ्याला धष्टपुष्ट मेंढी, कानाला निळा धागा.

"अंकिते, नवाची एसटी हाय ना? टेम्पो फाट्यावर आलाय, ही बाजारात जाती. दुपारपतुर पैसं तुज्याकडं येत्याल. तुमी निघा."

"शेवंता, तिला माघारी ने," बयाबाई म्हणाली. "वहीत लिव्हलंय."

"वाचून घेतलं काल सगळ्यांनी. तुमाला न इचारता बसलो. न्हाई म्हणाया एकजणबी न्हाई."

"नियम माझा हाय. मी मोडणार न्हाई."

"तुमी कुठं मोडताय? आमी मोडलाय."

बयाबाईचा हात सवयीनं कनवटीच्या डबीकडं गेला. डबी बाहेर आली, झाकण उघडलं, आणि शेवंताबाई त्या बोटाकडं बघतेय हे लक्षात येताच हात तसाच थांबला.

"लावा की," शेवंताबाई म्हणाली. "माज्याबी कनवटीला हाय. त्या दिशी नियम केला तवाबी डबी फिरत व्हती आपल्यात, आठवतंय का? मीबी रडत रडत एक चिमूट घेतली. बाराजणी काळी बोटं घिऊन बसलो आन् खंडूच्या दारूचा न्याव केला."

अंकिता फाईलच्या कडा सारख्या करत राहिली. बाहेर मेंढीनं उंबऱ्यालगतचा झेंडूचा पाला ओढला.

"भांडाया न्हाई आले, आक्का. माझ्याच दावणीची न्या, हे मीच म्हणले बायांस्नी. तुमी वाचलं पायजे. खंडू मेंढीनं वाचला आसता का, मला ठावं न्हाई. डॉक्टर तर न्हाई म्हणत व्हता." तिनं कासरा दाराच्या कडीत अडकवला. "पर मी मागाया आले तवा वर तोंड करून कुणी बघितलंबी न्हाई माज्याकडं. काल तुमी सोडून अकराच्या अकरा जणी हो म्हणल्या. दारू त्याची व्हती आन् मिश्री आपली, एवढंच व्हतं का ते? ह्येवढं सांगा. मेंढी तशीबी तुमचीच हाय."

बयाबाईनं डबीचं झाकण लावलं. ती कनवटीला न खोचता चुलीच्या कट्ट्यावर ठेवली. अंकिताच्या हातातली फाईल घेतली, डोक्यावरचा पदर पुढं ओढला, उंबऱ्यात आडवी उभी असलेली मेंढी एका हातानं जराशी बाजूला सारली आणि नवाची एसटी धरायला फाट्याच्या वाटेला लागली.