लोह्यात न संपलेली ओव्हर

लोह्याच्या मैदानावर व्यापारी संकुल होणार, असं आमच्या पुढाऱ्यानं ठरवून टाकलं होतं. पोलीस भरतीसाठी पोरापोरींनी पळायला गावात दुसरी जागा नाही. मैदान वाचवायला आम्ही पत्रकं वाटली, कुणी वाचली नाहीत. वर भूमिपूजनाच्या आधी तिथंच क्रिकेट स्पर्धेचं उद्घाटन! निर्लज्जपणाला काही सीमा?

चेंडू टाकायला बोलावला होता देशाकडून एकच सामना खेळलेला, आमच्याच जिल्ह्यातला माणूस. डोक्याला फेटा, सुटलेलं पोट, चेंडू सारखा पँटीवर घासायची खोड. मी म्हणालो, "काका, माईकवर मैदानासाठी दोन शब्द बोला."

"मला बोलता येत न्हाई, बापू."

आमच्याकडं पुढाऱ्यानं चौकार मारल्याशिवाय उद्घाटन झालं असं कुणी मानत नाही. या माणसानं पहिल्याच चेंडूवर पुढाऱ्याचा त्रिफळा उडवला. पंचानं घाईघाईनं नो-बॉल दिला. पुन्हा त्रिफळा, पुन्हा नो-बॉल. पुढारी इरेला पेटला, जाकीट काढलं. कार्यकर्ते यष्ट्या रोवून रोवून थकले. पूजेला आलेले स्वामी घड्याळ दाखवत राहिले आणि मुहूर्त टळला. राहुकाळात कुदळ मारायला पुढारी धजेना; भूमिपूजन पुढं ढकललं.

"काका, साहेबांना एक तरी लागू द्या की," पंच रडकुंडीला येऊन म्हणाला.

त्यानं फेट्याच्या शेवानं घाम पुसला. "देशासाठी मला एकच ओव्हर भेटली. हितं तुम्ही संपूच देईना गेलाव," म्हणाला आणि पुढच्या चेंडूसाठी मागं चालत गेला.