साडूंचा हत्ती, माझी काडी

आमच्या थोरल्या साडूंइतका वजनावर विश्वास असलेला माणूस लातूर ते नांदेड या अख्ख्या पट्ट्यात सापडायचा नाही. कुणाचा देवावर विश्वास असतो, कुणाचा डॉक्टरवर, कुणाचा पुढच्या आमदारावर. साडूंचा वजनावर आहे. लातुरात मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, रस्त्याला त्यांचा ट्रक तोलायचा वजनकाटा आहे. तूर, हरभरा, सोयाबीन भरलेले ट्रक दिवसभर येऊन त्यांच्यासमोर उभे राहतात आणि हे काचेच्या खोलीत बसून आकडा वाचतात. या धंद्याने त्यांच्या मनाची अशी पक्की समजूत करून दिली आहे की जे जड ते खरं आणि जे हलकं त्यात काहीतरी गडबड आहे. त्यांच्या घरची ताटं दोन हातांनी उचलावी लागतात. पांघरायची गोधडी अशी की एकदा अंगावर घेतली की कूस बदलायला दुसऱ्याची मदत लागते. कलिंगड घेताना ते टिचकी मारून बघत नाहीत. छातीशी धरतात, डोळे मिटतात आणि मग होकार देतात. आणि ही सगळी वजनदार मतं बाळगणारा देह म्हणाल, तर शेवग्याच्या शेंगेला सदरा घातल्यासारखा. वारं सुटलं की आमच्या मोठ्या मेहुणीबाई आधी वाळवण उचलतात आणि मग नवऱ्याला आत बोलावतात.

असा माणूस मोटरसायकल घेणार म्हटल्यावर ती कशी घेणार? देशोदेशी फिरणाऱ्या लोकांसाठी बनवलेली एक अवाढव्य गाडी त्यांनी घेतली. पुढे काच, मागे टेकायला गादी, दोन्ही बाजूंना पत्र्याच्या भल्यामोठ्या पेट्या, आणि इंजिन असं की लहान टेम्पोलाही लाज वाटावी. सासरवाडीत तिला पहिल्याच दिवशी ‘हत्ती’ हे नाव पडलं आणि ते साडूंना मनापासून आवडलं. गाडी घरी नेण्याआधी त्यांनी ती वजनकाट्यावर चढवली. आकडा उमटला तेव्हा त्यांनी मुलगा बोर्डात आल्यासारखे पेढे वाटले. मी त्या वेळी माझ्या गाडीवर नांदेडहून लातूरला गेलो होतो. माझी गाडी म्हणजे शाळामास्तराला शोभेल अशी, बारीक टाकीची, अरुंद, जुनी. साडू म्हणाले, “गुरुजी, चढवा की तुमची बी.” मी चढवली. पडद्यावरचा आकडा जरासा थरथरला आणि परत शून्यावर जाऊन बसला.

“बघा!” साडूंनी टाळी वाजवली. “काट्यानं ओळखच दाखवली न्हाई. ही गाडी हाय का काडी हाय?”

तेव्हापासून माझी गाडी ‘काडी’. सासरवाडीत आम्ही दोघे भेटलो की हत्ती श्रेष्ठ की काडी, हा वाद जेवणाआधी सुरू होई आणि जेवणानंतरही संपत नसे. साडूंचं म्हणणं, शेजारून ट्रक गेला की हलकी गाडी रस्ता सोडते, भारी गाडी ट्रकला सोडायला लावते. यातला पहिला भाग खरा होता, हे लोह्याजवळ ट्रकच्या वाऱ्याने दोनदा बाभळीत घातलेला माणूस म्हणून मी मान्य करत असे. माझं म्हणणं, काडी कुठल्याही बोळात वळते, पंक्चर झाली तर ढकलता येते आणि पडली तर एकट्याला उचलता येते. यावर साडू विचारत, “पण गुरुजी, पाडायचीच कशाला?”

ते कधी पाडत नसत, हे खरं. पण न पाडण्यासाठी त्यांना जे करावं लागे ते बघण्यासारखं होतं. हत्तीला उलटा गिअर नव्हता, आणि उतारावर तोंड करून लावलेला हत्ती मागे ओढणं शेवग्याच्या शेंगेचं काम नव्हतं. म्हणून कुठेही गेले की साडू आधी लांब थांबत, उतरत, बाटलीतलं थोडं पाणी जमिनीवर ओतत आणि ते कुठल्या बाजूला वाहतं ते वाकून बघत. उतार कळला की मगच गाडी लागे. एकदा नांदेडला आम्ही एका ओळखीच्यांकडे दुखवट्याला गेलो. साडूंनी दारासमोर पाणी ओतलं आणि गंभीर चेहऱ्याने त्याकडे बघत उभे राहिले. मागून आलेल्या पाहुण्यांना वाटलं, या घरची काही रीत असेल. त्यांनीही आपापल्या बाटल्यांतलं पाणी ओतलं. आम्ही निघेपर्यंत अंगणात चिखल झाला होता आणि घरातले एक आजोबा डोळे पुसत म्हणत होते, “लातूरकडं अजून जुनं धरून हायेत लोक.”

आमच्या सासूबाई अर्धापूरजवळच्या एका गावात राहतात. सासरे गेल्यापासून केळीची बाग त्याच बघतात. बोलतात थोडं. जावयांना त्या गावाच्या नावाने ओळखतात; साडू म्हणजे लातूरकर, मी नांदेडकर. धाकट्या मेहुणीचं लग्न ठरलं आणि मांडव सासूबाईंच्या दारातच घालायचा ठरला, तेव्हा सगळी बैठक बसली असताना साडूंनी जाहीर केलं, “घोडं कशाला सांगायलाव? नवरदेव हत्तीवर येईल.”

सासूबाई लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “घोडं कसं बी वळतंय, लातूरकर. तुमचा हत्ती वळंल का?”

“मामी, हत्तीनं मान वळवली की गाव वळतंय,” साडू म्हणाले. आणि तसंच ठरलं.

लग्नाच्या दिवशी ऊन असं होतं की मांडवाचं कापडसुद्धा सावलीला जाऊ बघत होतं. मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत नवरदेवाची मिरवणूक निघायची. साडू भर उन्हात जाडजूड जाकीट, गुडघ्यांना कवच आणि त्यावर फेटा अशा वेषात हत्तीवर बसले. गाडीला झेंडूच्या माळा, पेट्यांत उधळायला पाकळ्या. नवरदेव परभणीकडचा, चांगला भरलेला गडी. तो मागच्या गादीवर बसला तेव्हा साडूंच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. वजन योग्य होतं. बँड सुरू झाला. पण लांबच्या रस्त्यावर वाऱ्यासारखं पळायला बनवलेली गाडी बँडमागे गोगलगायीसारखी चालवायची म्हणजे इंजिनाला ताप येणारच. आधी नवरदेवाने एक पाय उचलला, मग दुसरा, मग दोन्ही पाय हवेत पसरून तो अंग वाकडंतिकडं करू लागला. बघणाऱ्यांना वाटलं, नवरदेव नाचतोय. बँडवाल्यांनी ठेका वाढवला.

“दाजी, पाय भाजायलेत हो!” नवरदेव ओरडला.

“आलंच, आलंच!” साडू म्हणाले, आणि बँडला मागे टाकून घाईघाईने सासूबाईंच्या घराच्या बोळात वळले.

बोळाच्या तोंडाशी एका अंगाला विजेचा खांब आहे, त्याला लागून काटेरी कुंपण, आणि दुसऱ्या अंगाला शेजाऱ्यांच्या गोठ्याची दगडी भिंत. साडूंनी आदल्या दिवशी इथून गाडी घालून बघितली होती. फक्त तेव्हा पेट्या काढून ठेवल्या होत्या. एक मोठा करकर आवाज झाला. हत्ती खांब आणि भिंत यांच्यामध्ये बाटलीत बूच बसावं तसा बसला. पुढे जाईना. मागे ओढावा तर मागे बँड, त्यामागे स्पीकरचा टेम्पो, त्यामागे सगळं वऱ्हाड. चार जणांनी गादी धरून ओढली तेव्हा गाडी हलली नाही, खांब हलला आणि वरच्या तारा झुलल्या. बायका किंचाळल्या. पेट्या काढायच्या तर नट खोलायचे पाने पेटीतच, आणि पेटीचं झाकण भिंतीकडे. नवरदेवाला मात्र पाठीमागून, कणसातून दाणा काढावा तसा अलगद काढला.

मांडवात भटजी घड्याळ बघत होते. मुहूर्त अगदी तोंडावर आला होता. कुणीतरी म्हणालं, नवरदेवाला गाडीवरून पलीकडे उतरवा. त्यावर नवरदेवाच्या आत्याबाई पुढे आल्या आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “आमचा पोरगा माकडावानी उड्या मारत मांडवात जाणार न्हाई. तसं असंल तर वरात मागं फिरवू.” बँड आपोआप बंद पडला. साडूंचा चेहरा मी तेव्हा पाहिला. जाकिटात ते नेहमीपेक्षाही लहान दिसत होते.

तेवढ्यात हत्तीच्या पलीकडून सासूबाईंचा आवाज आला. “नांदेडकर! तुमची काडी काढा. बागंतल्या बांधावरनं आना त्यांला.”

काडी देवळामागे लावलेली होती. नवरदेव मागे बसला तेव्हा ती खाली दबून असा आवाज करून गेली की मी मनातल्या मनात तिची क्षमा मागितली. केळीच्या बागेतला बांध म्हणजे माणसांनी एकामागे एक चालावं एवढा. एका बाजूला पाण्याची नळी, दुसऱ्या बाजूला ओली माती, आणि समोरून येणारी पानं तोंडावर फडाफड. “डोकं खाली घ्या!” मी ओरडायचो, नवरदेव डोकं खाली घ्यायचा आणि त्याचा फेटा मागच्या पानात अडकायचा. पण काडी गेली. कुठेही न घसरता, न थांबता, केळीच्या घडांना खांदे घासत आम्ही थेट मांडवाच्या मागच्या दारी निघालो. नवरदेवाच्या पांढऱ्या कुर्त्यावर केळीच्या चिकाचे डाग होते, ते फोटोत आजही दिसतात. अंतरपाट धरला गेला, अक्षता पडल्या.

वऱ्हाड मात्र बोळातूनच आलं, हत्तीला ओलांडून. साडू त्याच्याजवळ उभे राहून एकेकाला हात देत होते. “या, या. पाय इथं ठेवा. गादीवर ठेवा, काय होत न्हाई.” आत्याबाईंनाही त्यांनीच हात दिला.

जेवणं सुरू झाली तरी ते मांडवात येईनात. मी बोलवायला निघालो तर सासूबाई ताट घेऊन माझ्या पुढे चालू लागल्या. साडू हत्तीच्या सावलीत बसले होते. सासूबाईंना बघून उठले.

“मामी, माझ्या हौसेपायी तुमच्या घरच्या कार्याचं हसं झालं.”

“लग्नात लोक हसले न्हाईत तर कुठं हसावं?” सासूबाई म्हणाल्या. “आधी खावा.” ते घास घेईपर्यंत त्या उभ्या राहिल्या. मग त्यांनी हत्तीच्या मागच्या गादीवरून हात फिरवला, दाबून बघितली आणि विचारलं, “ह्याच्यावर म्हाताऱ्या माणसाला पाठ टेकून बसता येतंय का?”

संध्याकाळी गोठ्याच्या भिंतीचे वरचे दगड काढून हत्ती सोडवला. आणि पाहुणे पांगल्यावर सासूबाईंनी मनातलं सांगितलं. देगलूरच्या पुढे, तेलंगणाच्या सीमेवरच्या एका गावात त्यांची धाकटी बहीण दिली होती. ती आता अंथरुणाला खिळली होती. सासूबाईंच्या कमरेला ना एसटीचे धक्के सोसत होते, ना जीपचे. माझ्या काडीवर त्या एकदाच बसल्या होत्या आणि उतरून म्हणाल्या होत्या, “हाडं मोजून झाली.” त्यामुळे बहिणीची भेट राहून गेली होती.

दोन दिवसांनी आम्ही निघालो. साडू आणि सासूबाई हत्तीवर, मी आणि भाकरीचं गाठोडं काडीवर. हत्ती खड्ड्यांवरून असा चालला होता की सासूबाईंचा पदरसुद्धा ढळला नाही. नायगावच्या पुढे त्या चक्क झोपल्या. साडूंनी आरशात पाहिलं आणि वेग आणखी कमी केला. बैलगाड्या आमच्या पुढे गेल्या असत्या तरी त्यांना चालणार होतं.

त्या गावातला बोळही अरुंद होता. साडू तोंडाशीच थांबले, पाणी न ओतताच म्हणाले, “इथून पुढं तुमची काडी, गुरुजी.” मी सासूबाईंना हळूहळू आत नेलं, साडू पाठीला हात लावून चालत आले. खाटेवरच्या मावशींनी बराच वेळ बघितलं आणि मग म्हणाल्या, “अक्का, वच्चावा?” आलीस का, एवढंच. सासूबाईंनी त्यांचा हात धरला आणि त्या दोघी अर्ध्या मराठीत, अर्ध्या तेलुगूत बोलत राहिल्या; मग बोलणं संपलं तरी हात तसेच राहिले. ऊन कलू लागलं. मी साडूंकडे बघितलं. ते हळूच म्हणाले, “बसू द्या. आपल्याला कुठं जायचंय?”

मावशी त्याच पावसाळ्यात गेल्या.

हत्ती अजून आहे. लातूर-नांदेड रस्त्यावर चहाला थांबलं की तरुण मुलं त्याच्याभोवती गोळा होतात. कुणीतरी हमखास विचारतं, “काका, लई लांबच्या प्रवासाची गाडी हाय ही. लांबात लांब कुठवर नेली?”

साडू चहाचा ग्लास खाली ठेवतात. “आमच्या मामीच्या बहिणीच्या घरापर्यंत,” ते म्हणतात.

मुलं एकमेकांकडे बघतात. मी गणिताचा मास्तर. लातूर ते अर्धापूर हे अंतरच सासूबाईंना घेऊन केलेल्या त्या प्रवासाहून जास्त भरतं, हे मला ठाऊक आहे. पण मी कधी दुरुस्त करत नाही.