रोपं तयार असल्याचा मेसेज

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी खरा ग्राहक शोधा, असं सरांनी सांगितलं. सॉफ्टवेअर वापरात असल्याचं त्या ग्राहकाचं पत्र आणलं तरच पास. वर्गातल्या काहींच्या वडिलांचे धंदे होते. माझ्या वडिलांचं शेत आहे आणि शेताला लेटरहेड नसतं. म्हणून मी आमच्या गावाच्या फाट्यावरच्या रोपवाटिकेत गेलो. आमची रोपं तिथूनच येतात.

तिथल्या मालकांना मी काका म्हणतो. रोपं तयार झाली की ते बुकिंग केलेल्या प्रत्येक शेतकऱ्याला फोन करायचे. आधी म्हशीची चौकशी, मग मुलीच्या सोयरिकीची, शेवटी रोपांचं. यात त्यांची अख्खी सकाळ जायची. मला हे सुधारण्यासारखं वाटलं. मी बुकिंगचा डेटाबेस केला आणि रोपं तयार झाली की आपोआप मेसेज जाईल अशी सोय केली. मेसेज कुठल्या नंबरवर पाठवायचा, हे काकांनी सगळ्यांना विचारून भरलं.

ढोबळी मिरचीची रोपं तयार झाली. मेसेज गेले. कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. काकांनी मला बोलावून घेतलं.

"सगळे मेसेज पोचलेत, काका," मी स्क्रीन दाखवली.

"मेसेज पोचले, इंजिनिअर. माणसं कुठं हायेत?" त्यांनी रोपांच्या ट्रेकडे हात केला. "रोपं लय उंच झाली की फुकट पण कोणी नेत नाय. उद्यापर्यंत बघतो. नायतर तुझं ते उचलून ने, आन् पत्रबित्र काय मिळायचं नाय."

मी "बरं" म्हणालो.

दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकलमध्ये माझा फोन वाजला. 'आपली फ्लॉवरची रोपे तयार आहेत. कृपया घेऊन जावीत.' वाक्य माझंच होतं. चाचणीसाठी घातलेला नंबर काढायचा राहिला असेल, असं मला वाटलं. पण मेसेजच्या वर नाव वडिलांचं होतं. मी बाहेर येऊन त्यांना फोन लावला.

"नाना, तुम्ही फ्लॉवर बुक केलाय?"

"हां. झाली का रोपं?"

"झाली. पण नंबर माझा कशाला दिला?"

"ते म्हणले मेसेज येणार. घरात मेसेज वाचणारा तूच. फोन येणार असता तर माझा दिला असता."

ते बरोबर होतं. मी जिन्यात बसून मिरचीवाल्यांचे नंबर लावले. एक नंबर पुण्यात नर्सिंग शिकणाऱ्या मुलीचा निघाला. एक अंबडच्या कंपनीत शिफ्टवर असलेल्या मुलाचा. एकाने विचारलं, "कसली रोपं? मी तर जाहिरात समजून डिलीट केलं." सगळी आपापल्या घरची शिकलेली मुलं होती. मी प्रत्येकाला म्हणालो, घरी फोन कर आणि आजच सांग.

संध्याकाळी रोपवाटिकेसमोर पिकअप लागल्या. मिरची गेली. नानाही फ्लॉवर घेऊन गेले. काकांचा फोन आला, "पत्र तूच लिहून आण, मी सही ठोकतो."

मी मेसेजची सोय काढून टाकली. आता सॉफ्टवेअर रोज सकाळी काकांना फक्त कोणाची रोपं तयार आहेत ते दाखवतं. मग काका फोन करतात. पत्रात मी तसंच लिहिलं, कारण खरं तेच होतं.

सरांनी पत्र वाचलं. "आपोआप मेसेज जाणार होते ना?"

"काढले, सर."

"मग हे करतं काय?"

"फोन कोणाला करायचा ते सांगतं."

सरांनी पत्र पुन्हा वाचलं, काकांची सही नीट पाहिली आणि शेजारी आपली केली.

बाहेर येऊन मी नानांना पास झाल्याचा मेसेज लिहिला. मग तो पुसला आणि फोन लावला. आधी म्हशीचं विचारलं.