कोपरा गेलेलं कार्ड

लिहायला बसण्याआधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी हातात पेन धरलं नाही, आणि मी धरलं ते परीक्षेच्या पेपरापुरतं. छापून यावं असं माझ्या आयुष्यात काही घडलेलं नाही. हेही साधंच आहे: मी एकदा तीन दिवस सांगलीला गेलो होतो, एकटा, काही काम नसताना. पण एवढ्या वर्षांत ते मी कुणाला नीट सांगितलेलं नाही. ज्याला सांगायला हवं होतं त्यालाही नाही. कुठं अडखळलो तर सांभाळून घ्यावं.

मोठा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. मी साताऱ्याला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि होस्टेलवर राहत होतो. घर माण तालुक्यात, दहिवडीपासून पायी दोन तासांवरच्या वस्तीवर. तिथं आई आणि दादा, म्हणजे वडील. थोरला भाऊ वर्षातले आठ महिने मेंढरं आणि चार शेरडं घेऊन खाली कृष्णाकाठच्या उसाच्या मुलखात असायचा. तिथले शेतकरी रानात मेंढरं बसवून घेतात, त्यांना लेंड्यांचं खत होतं आणि आम्हाला वर्षाचं धान्य. मेंढरांमागं एक माणूस लागत होतं आणि आम्ही दोघं भाऊ होतो. म्हणून तो शाळेत गेला नाही आणि मी गेलो. याबद्दल तो कधी काही बोलला नाही. भेटला की एकच विचारायचा, "कॉलेज म्हंजे केवढं असतं रं? आपल्या बिरोबाच्या देवळाएवढं?"

"लय मोठं. तू ये की एकदा बघाया."

"आन् मेंढरं कुनाकडं ठिवू? तुझ्या प्रिन्सिपलाकडं?"

सहामाही परीक्षा संपली त्या बुधवारी मला एक कार्ड आलं. रेक्टरांच्या खोलीबाहेर टेबलावर टपाल ठेवलेलं असायचं. पत्त्याची बाजू वर होती, अक्षर अनोळखी होतं, शिक्का पुसट होता. आणि कार्डाचा उजवा खालचा कोपरा नव्हता.

हे ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडं माणूस गेल्याचं पत्र पाठवताना त्याचा कोपरा फाडतात. वाचता न येणाऱ्यालाही ते हातात घेताच कळावं म्हणून. असं पत्र घरात नेत नाहीत. अंगणातच उभ्यानं कुणाकडून तरी वाचून घेतात, मग अंघोळ करतात आणि सुतक धरतात. ऐकलं नाही तोवर सुतक नाही.

आमच्या वस्तीवर ती पत्रं मी वाचायचो. तिसरीत होतो तेव्हापासून. दुसरं कुणी वाचणारं नव्हतं. लिंबाखाली मला उभं करायचे, समोर सगळी बसायची आणि माझ्या तोंडाकडं बघायची. मी मजकूर आधी मनात वाचायचो, तेवढ्यात माझ्या तोंडावरूनच त्यांना समजायचं आणि एखादी बाई ओरडायची. कितीतरी घरांची मी अशी वाचली. आमच्या घरचं असं कार्ड मात्र तोवर कधी आलं नव्हतं.

मी ते उलटून बघितलं नाही. अर्थशास्त्राच्या पुस्तकात घातलं, पिशवी घेतली आणि स्टँडवर आलो. दहिवडीची गाडी लागली होती. कंडक्टर ओळखीचा होता, त्यानं हातही केला. शेजारी सांगलीची गाडी उभी होती. मी सांगलीच्या गाडीत बसलो. असं का केलं हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. होस्टेलवरची मोठ्या घरची मुलं सांगलीला जाऊन यायची, सांगायची, आणि मलाही एकदा बघायची होती, एवढं खरं आहे. बाकी मला सांगता येत नाही.

कऱ्हाडपर्यंत माझ्या डोक्यात एकच होतं, कोण असेल. दादांना दोन वर्षं खोकला होता. आई धडधाकट होती, पण विहीर खोल होती. भाऊ उघड्या रानात झोपायचा, आणि उसात पान निघतं. आमच्याकडं सापाला पान म्हणतात. अक्षर अनोळखी होतं म्हणजे घरची पत्रं लिहून देणाऱ्या दहिवडीच्या मास्तरांचं नव्हतं. म्हणजे कार्ड वस्तीवरून आलं नव्हतं. इथपर्यंत आलो आणि पुढं विचार थांबला. भाऊ. हा शब्द मनात म्हणून बघितला. काही झालं नाही. खिडकीतून ऊस दिसत होता, तो बघत बसलो.

सांगलीत देवळाजवळ एका लॉजवर खोली घेतली. रजिस्टरमध्ये 'येण्याचे कारण' असा रकाना होता. मी 'सहल' लिहिलं.

मॅनेजर म्हणाला, "एकटाच? आणि सहल?"

"हो."

"मग हसून तरी लिहायचं राव."

दुसऱ्या दिवशी, म्हणजे गुरुवारी, मी सहल केली. घाटावर अंघोळ केली. पेठेत रुंद रस्ते होते, दुकानांना काचा होत्या, काचेत कपडे घातलेले बिनडोक्याचे पुतळे होते. हळदीच्या बाजारात गेलो. तिथं दोन माणसं एका रुमालाखाली हात घालून नुसत्या बोटांनी भाव ठरवत होती, तोंडानं एक अक्षर नाही. सगळ्यांच्या टोप्या आणि पापण्या पिवळ्या झाल्या होत्या. दुपारी आईस्क्रीम खाल्लं, आयुष्यात पहिल्यांदा. ते गार होतं. एवढंच आठवतं. मग एक सिनेमा बघितला. लोक हसत होते तेव्हा मीही बाजूच्या माणसाकडं बघून हसलो. पुस्तक काखेतच होतं.

संध्याकाळी पुलावर उभा होतो तर पलीकडून मेंढरं आली. मोटारीच्या हॉर्ननं बुजून कडेची पाच-सहा पुलाच्या कठड्याला चिकटली. माझ्या तोंडातून आपोआप आवाज गेला, जिभेचा, आम्ही लहानपणापासून काढतो तो. मेंढरं वळली. मागून घोंगडी पांघरलेला एक म्हातारा आला.

"कुठलं रं गड्या तू?"

"साताऱ्याचा."

"साताऱ्यात पँट घालून मेंढरं राखत्यात व्हय?" तो हसला. "माणदेशातला दिसतोस. कुनाचा?"

त्याला विचारता आलं असतं. ही माणसं एकमेकांच्या वाटा धरून असतात, कुणाचा कळप कुठं बसलाय, कुणाचं काय झालंय, सगळं त्यांना ठाऊक असतं. भावाचं नाव घेतलं असतं तर तिथंच समजलं असतं.

"मी शिकायला असतो," मी म्हणालो. "आमची मेंढरं नाहीत."

तो मान हलवून कळपामागं गेला.

शुक्रवारी सकाळी मी ठरवलं की आता घरी जायचं. पण जायचं तर तयार होऊन. वडीलधारं गेलं की आमच्यात मिशी उतरवतात. लॉजच्या खाली एक केस कापायचं दुकान होतं. बाकावर एक चष्मेवाले गृहस्थ पेपर वाचत बसले होते, बोलण्यावरून मिलिटरीतून रिटायर झालेले. मी खुर्चीत बसलो.

न्हाव्यानं गळ्याला कापड बांधलं. "काय करायचं?"

"मिशी काढा."

त्यानं वाकून बघितलं. "आदी कुठं हाय ती दावा तरी!"

चष्मेवाले हसले. मी हसलो नाही. न्हाव्यानं वस्तरा खाली केला. "पावनं, घरात काय झालंय का?"

"म्हाईत न्हाई."

दोन दिवस मी पुस्तकातल्यासारखं बोलत होतो. हे असंच बाहेर पडलं.

"म्हाईत न्हाई आन् मिशी काढताय?"

मी मांडीवरचं पुस्तक उघडून कार्ड दाखवलं. कोपरा दिसताच तो दोन पावलं मागं सरला. "दुकानात नगं! भाईर, आवं भाईर चला आदी!"

गळ्यात कापड तसंच ठेवून मी पायरीवर येऊन उभा राहिलो. चष्मेवाले मागोमाग आले.

"वाचलं कुणी?"

"कुनी न्हाई."

"तुला वाचाया येत न्हाई?"

"बी.ए.ला हाय."

"मग रं?"

"दुसऱ्याची लय वाचली," मी म्हणालो. एवढंच सुचलं.

त्यांनी हात पुढं केला. "आण हिकडं. नीट हुबा ऱ्हा."

त्यांनी कार्ड उलटलं आणि आधी मनात वाचू लागले. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. आमच्या लिंबाखाली बसलेली माणसं माझ्याकडं कशी बघायची ते तेव्हा मला समजलं. त्यांच्या भुवया वर गेल्या.

"आदी ह्ये तळाचं ऐक. 'ता. क. कोपरा करडाने खाल्ला आहे. दुसरे कार्ड नाही. भिऊ नये.'"

"आयला!" न्हावी दारातून ओरडला. "करडानं! बी.ए. शिकल्यालं मानूस करडाच्या दाताला भ्यालं!" शेजारचा पानवालाही हसायला लागला.

मी कार्ड हातात घेतलं. कड सरळ फाटलेली नव्हती. बारीक बारीक अर्धगोल होते, वाळलेल्या लाळेनं कागद फुगला होता. माझ्या शाळेच्या वह्या, आईचा पदर, दादांचं पागोटं, सगळ्यांवर मी हे दात लहानपणापासून बघितले होते. बुधवारी टेबलापाशी मला नुसता कोपरा नसलेला दिसला.

कुणी गेलं नव्हतं. भाऊ होता. मला वाटलं होतं, असं काही ऐकलं तर मी तिथंच बसेन, रडेन. मी उभाच होतो. गळ्यातल्या कापडाची गाठ टोचत होती.

"आरं, पुढचं तर ऐकशील," चष्मेवाले म्हणाले. त्यांनी कार्ड परत घेतलं आणि सावकाश, परेडला उभं राहून वाचावं तसं वाचलं.

"'चिरंजीव धाकट्या भावास अनेक आशीर्वाद. मेंढरे पलूसजवळ बसवली आहेत. आई व दादा यांची तब्येत ठीक आहे, तसा निरोप आहे. मेव्हणे आले आहेत, ते दोन दिवस मेंढरांजवळ राहतो म्हणाले. म्हणून मी येत्या गुरुवारी पहिल्या गाडीने साताऱ्यास येतो. तुझे कॉलेज बघायचे आहे. मला पाटी वाचता येत नाही, तरी तू स्टँडवर यावे. तू दिसेपर्यंत मी स्टँडवरून हलणार नाही.'"

न्हाव्याचं हसणं थांबलं. चष्मेवाल्यांनी कार्ड माझ्या हातात दिलं आणि चष्मा काढला.

"आज शुक्रवार," ते म्हणाले.