दातांत धरलेला सूर

माझी मावशी पियानो सुरात लावायची. लोकांना वाटायचं, काय मजा आहे, दिवसभर संगीत! संगीत कसलं, एकच पट्टी पुन्हा पुन्हा बडवायची आणि आतली तार किल्लीने केसभर ताणायची. दोन्ही हात त्यात गुंतलेले, म्हणून सुराचा काटा ती दातांत धरायची. तो दुबेळका पोलादी काटा गुडघ्यावर आपटायचा आणि त्याची दांडी घट्ट चावायची. मग सूर हाडांतून चढतो आणि डोक्यात काठोकाठ भरतो, असं ती सांगायची. माझ्या आजोबांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, तिला हे काम असंच शिकवलं होतं. त्या वेळी तिचे डोळे अर्धे मिटायचे आणि ती तुमच्या-आमच्यात उरायची नाही.

दुपार कलली की मात्र डोकं धरून बसायची. दोन्ही कानशिलं कुणीतरी पट्ट्याने आवळतंय, असं दुखणं. घरी पडदे ओढलेले, बाम चोळून कपाळ लाल, आणि माझे बोलघेवडे काका बिचारे चवड्यांवर चालायचे. चष्म्याचा नंबर तपासून झाला, झोप वाढवून झाली, पाणी पिऊन झालं. गोळीने तेवढ्यापुरतं थांबायचं. शेवटी ती म्हणाली, "सोडते आता हे काम. माझ्याच्यानं होत नाही." जिला जगात तेवढंच एक काम जिवापाड आवडायचं, तिनं हे म्हणावं! मला रडूच फुटलं.

त्याच सुमारास तिच्या दाताचा टवका उडाला. दातांच्या डॉक्टरीणबाई आत डोकावून म्हणाल्या, "काय चावता हो तुम्ही, खिळे?" मग तिच्या कानशिलांवर बोटं टेकवली. "दाबा बरं दात." मावशीनं दाबले. बोटांखाली स्नायूचा गोळा फुगला आणि ती कळवळली.

"हेच दुखतं ना रोज?"

जबडा दिवसभर आवळलेला, मग डोकं गप्प कसं बसेल? उपाय साधे होते. ओठ मिटलेले असले तरी दात सुटे ठेवायचे, कानशिलांवर कोमट ओलं फडकं ठेवायचं, मधूनमधून थांबायचं. आणि काटा तोंडात घ्यायचा नाही. इथं मावशी अडली. "मग मला ऐकू कसं येणार?"

ज्या सभागृहातला पियानो लावायचा राहिला होता, तिथे काका तिला जवळजवळ ओढतच घेऊन गेले आणि स्वतः बाहेर पायऱ्यांवर बसले. तिनं काट्याची दांडी पियानोच्या लाकडावर टेकवली. सूर निघाला, पण पातळ, शेजारच्या खोलीत कुणी बोलावं तसा. डोकं रिकामं, नुसतं रिकामं. संपलं सगळं, असं वाटून ती तशीच बसून राहिली.

थोड्या वेळानं तिनं पुन्हा काटा वाजवला. खिडकीतून आलेल्या उन्हात धूळ तरंगत होती. सूर त्या धुळीतून, रिकाम्या खुर्च्यांमधून सावकाश मागच्या भिंतीपर्यंत गेला. इतकी वर्षं आपण त्याला डोक्यातच कोंडून ठेवलं होतं, असं तिला वाटलं. ओठ नकळत उघडले आणि तोच सूर तिच्या गळ्यातून आला. आधी थरथरता, मग नेमका. काटा कुठला आणि गळा कुठला, तिलाच कळेना.

काका धावत आत आले. खुर्च्यांच्या रांगांमधून शोधत म्हणाले, "कोण गात होतं गं?"

कामावर तोंडात काटा, घरी डोक्यात कळ. एवढ्या संसारात त्यांनी बायकोचं गाणं कधी ऐकलंच नव्हतं.

"मीच की," मावशी म्हणाली. "बसा ना. अजून पुष्कळ पट्ट्या राहिल्यात."