केदारच्या वाटेवरून माघारी

आमच्या सासूबाईंना मी आत्या म्हणत असे. त्यांचा दोनच गोष्टींवर पूर्ण विश्वास होता, एक कांदा आणि दुसरा केदारनाथ. सासरे गेल्यापासून त्यांनी केदारचा ध्यासच घेतला होता. देश स्वतंत्र होऊन थोडी वर्षं झाली असतील. चाकणजवळच्या आमच्या गावातली काही माणसं यात्रेला निघाली, तेव्हा आत्या, मी आणि आमचे हे त्यांच्यात सामील झालो.

हे देहूरोडला लष्कराच्या डेपोत कामाला होते. तिथले एक हवालदार काश्मीरच्या डोंगरांत राहून आलेले. निघण्याआधी ते आमच्याकडे चहाला आले होते.

"वर हवा विरळ असते," ते ह्यांना म्हणाले. "एका दमात चढू नका. मधे मुक्काम करा, तहान नसली तरी पाणी प्या. डोकं दुखलं, उलटी झाली, तर पुढं जायचं नाही. आणि माणूस दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खायला लागला, तर बसून वाट बघू नका. तसाच खाली आणा."

मी दाराआड उभी राहून ऐकत होते. एकेक शब्द मी लक्षात ठेवला. आत्यांना मात्र हे काही पटलं नाही.

"हवा कशी विरळ हुईल? ती काय ताक हाय, पानी घालाया?" पाहुणे गेल्यावर त्या म्हणाल्या. "वर इखारी फुलं आसत्यात. त्यांच्या वासानं माणूस गुंगतंय. कांदा हुंगला की झालं."

सगळ्या गावाचं तेच मत होतं. यात्रेत कांदा खायचा नाही हे पथ्य, पण हुंगायला कोण नको म्हणतंय? प्रत्येक बाईने घरचा एकेक कांदा पदराच्या गाठीत बांधला. मीही बांधला. भीती वाटत असली की माणूस काहीही बांधून घेतो.

मोटारीचा रस्ता जिथं संपला तिथून पायी चालत आम्ही गौरीकुंडाला पोचलो. तिथल्या गरम पाण्यात अंघोळ करून आत्यांनी संकल्प सोडला. दर्शन होईपर्यंत अन्न नाही, पाणी नाही. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे लगबगीने धोतर पिळायला लागले. आईपुढे बोलायची ह्यांची कधी छातीच झाली नाही.

अर्ध्या वाटेवरच्या रामबाड्याच्या मुक्कामी आत्यांचं डोकं ठणकू लागलं. रिकाम्या पोटी उलटी झाली. "पित्त हाय," म्हणून त्यांनी कांदा हुंगला. उद्याचा दिवस इथंच थांबू, असं मी म्हणून पाहिलं. सोबतची माणसं थांबायला तयार नव्हती आणि आत्या त्यांच्यामागे राहायला. सकाळी बघते तर त्या माझ्याआधी कंबर बांधून उभ्या.

पुढे झाडं विरळ होत संपली. वाटेच्या कडेला मळकं बर्फ दिसू लागलं. मी आत्यांच्या मागे चालत होते आणि माझी नजर त्यांच्या पावलांवर होती. आधी वाटलं, ठेचाळल्या. मग पुन्हा तसंच झालं. डोक्यावर पाटी घेऊन अरुंद बांधावरून ताठ चालणारी बाई, पण एवढ्या रुंद वाटेवर ती दरीच्या बाजूला कलत होती. मी धावत जाऊन हात धरला. हात गारठलेला होता. मी घाईघाईने माझा कांदा दगडावर फोडला आणि त्यांच्या नाकाशी धरला. त्यांच्या डोळ्याला पाणीसुद्धा आलं नाही.

"वाफ्याला पानी सोडलं का?" त्यांनी मला विचारलं. "पाट फुटलाय बघ तिकडं."

मी घाबरले. समोर बर्फ होतं आणि आत्या आमच्या गावच्या रानात उभ्या होत्या.

भावकीतले एक थोरले आमच्यासोबत होते. ते म्हणाले, "आता देऊळ दिसंलच. देवाच्या दारातनं माघारी नेता व्हय? आन् झालंच काय हितं, तर म्हातारीचं सोनं झालं."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. हे आईच्या अंगावरचं कांबळं सारखं करू लागले. वर नेलं आणि त्या गेल्या, तर ते पुण्य ठरणार होतं. खाली नेताना गेल्या, तर सुनेने देवाच्या दारातून ओढून मारली, असं गाव जन्मभर म्हणणार होतं. हे मला तिथं उभ्या उभ्या दिसत होतं. पण मला त्यांचं सोनं नको होतं. रोज माझ्या भाकरीला नावं ठेवणारी ती बाई मला हवी होती.

"खाली न्यायचं," मी सगळ्या पुरुषांसमोर म्हणाले. "आत्ताच्या आत्ता. तुम्ही येताय, की मी एकटी नेऊ?"

पाठीवरच्या टोपलीत बसवून यात्रेकरूंना वर नेणारा एक गडी रिकामा परतत होता. ह्यांनी त्याला थांबवलं. आत्यांना टोपलीत बसवलं आणि आम्ही उतरू लागलो. आधी त्या पाट, वाफा असं काहीबाही बडबडत होत्या. एका वळणावर ती बडबड थांबली. मी हाक मारली, तर ओ नाही. बाळंतपणातही मला इतकी भीती वाटली नव्हती. नाकाशी बोटं धरली, ऊब लागली. पुढच्या वळणावर परत धरली. आणि त्याच्या पुढच्याही.

रामबाड्याला आम्ही थांबलोच नाही, थेट गौरीकुंडापर्यंत उतरलो. दिवस मावळायच्या आत आत्यांनी डोळे उघडले आणि पाणी मागितलं. अर्धा तांब्या रिकामा झाल्यावर त्यांना संकल्प आठवला.

"दर्सन झालं का?"

हे माझ्याकडे बघू लागले. हो म्हणून टाकावं, असं मलाही क्षणभर वाटलं.

"नाही झालं, आत्या. मी तुम्हाला वाटेतनं माघारी आणलं."

त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं. सोबतची माणसं दर्शन करून उतरल्यावर आम्ही सगळे मिळून परत निघालो. घरी येईपर्यंत आत्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.

यात्रेहून आलेल्यांचे पाय धुवायची आमच्याकडे रीत. आम्ही पोचलो तशा गल्लीतल्या बायका परात आणि पाणी घेऊन ओसरीवर आल्या. सोबतच्यांनी वेशीतच सगळं सांगून टाकलं होतं, तरी त्या आल्या. आत्यांनी पाय ओढून घेतले.

"माझं नगा धुऊ. मी पोचले न्हाई."

बायका वळून माझ्याकडे बघू लागल्या. एकीने पदर तोंडाला लावला. मी दाराची चौकट धरून उभी होते.

"तिच्याकडं काय बघता?" आत्या म्हणाल्या. "तिनं मला तिथंच ठिवली आस्ती, तर आज ही परात कुणाम्होरं मांडली आस्ती?"